हिरवा स्टिकर

जानेवारीत भोसरीची हवा पापडासारखी,
बोट लावलं की तडकते.
स्वेटर काढताना केस उभे,
लोखंडी कपाट चावतं.
रेवण म्हणतो, ताई, आज तुम्ही फुल चार्ज.
मी आधी मनगटाची तार टेबलाच्या बटणात अडकवते,
मगच हसते.

काळा पट्टा, पिळाची तार,
तारेच्या दुसऱ्या टोकाला भिंत,
भिंतीपलीकडे आवारात पुरलेली तांब्याची पट्टी,
मीठ-कोळशात.
मुजावरचाचा दर सोमवारी तिच्यावर बादलीभर पाणी ओततात.
काही उगवणार नाही तिथं, त्यांनाही ठाऊक आहे.
आठ तास मी तिथवर बांधलेली.

माझ्यापुढे येतात ते बोर्ड तळहाताएवढे,
टॉवरवरच्या अँटेनाची मान वळवणारे.
दोन अंश खाली, चार अंश खाली,
लांब ऑफिसात बसलेल्या कुणाच्या तरी एका क्लिकवर.
मोटर कुरकुरते, मान झुकते
आणि वारज्याच्या एखाद्या गल्लीत
अर्ध्यात तुटलेलं वाक्य पूर्ण होतं.

कालचा बोर्ड धायरीहून आला.
सहा अंशांवर अडकलेला.
तीन आठवडे अँटेना स्वतःच्या पायाशीच बघत राहिली,
चढावरच्या दोन सोसायट्या
"हॅलो, ऐकू येतंय का" करत गच्चीवर फिरत राहिल्या.
रुपेरी पिशवीतून काढला, उलटा केला,
पाठीवर हिरवा स्टिकर :
तपासले. २८ नोव्हेंबर. नि. घो.
अक्षर माझंच.

तारीख वाचली आणि खिडकी आठवली.
त्या दिवशी सिलिंडरवाला दारात उभा,
ओटीपी सांगा मॅडम, अजून बारा घरं आहेत.
आमच्या हॉलमध्ये रेंज नाही
(हो, आमच्याच),
म्हणून पट्टा सोडला, खिडकीशी गेले,
चार आकडे दोनदा ओरडून सांगितले,
परत आले, बसले, बोर्ड उचलला.
कडेनं धरायचा असतो. मी पिनांना धरला.
पट्टा टेबलाखाली लोंबत होता, ते नंतर दिसलं.

चटका बसला नाही.
तीन हजार व्होल्टच्या आत
माणसाच्या कातडीला पत्ताच लागत नाही.
चिपला शंभर पुरतात.
आणि ती लगेच मरत नाही, हीच तिची खोड.
चाचणीला उभी राहिली, दिवे लागले,
मोटर शून्यापासून दहापर्यंत गेली, परत आली,
पाढा बिनचूक म्हटला.
मी स्टिकर लावला.
आतली जखम तशीच धायरीला गेली,
रिगरच्या पाठीवरून चाळीस मीटर चढली.

आज भिंगाखालीही काही दिसत नाही.
मीटर तेवढा सांगतो, तिसऱ्या पायाशी गळती आहे.

फॉर्मवर एक चौकट असते : बिघाडाचं कारण.
सगळे लिहितात, वीज पडली.
धायरीवर दोन महिने ढग नव्हता,
पण ढगाला कोण विचारायला जातं.
आवटेसाहेब न वाचता सही करतात.

पेन धरून बराच वेळ बसले.
रेवणनं चहा आणला, नियमाप्रमाणे दाराबाहेरच ठेवला.
विचारलं त्याला, आईशी बोलणं होतं का रे रोज?
होतं की, म्हणाला, तुटत तुटत.
कुठे राहतोस?
नऱ्ह्याला. धायरीच्या अलीकडे.

मग लिहिलं : हाताळणी. पट्टा नव्हता. नि. घो.
अक्षर जरा मोठंच आलं.
साहेबांनी या वेळी वाचलं.
चष्मा काढला, पुसला, परत घातला,
काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

चिप बदलली. पाढा पुन्हा म्हणवून घेतला, तीनदा.
स्टिकर लावताना हात थांबला,
पण लावावा तर लागतोच.

घरी कुलपाला आधी किल्ली टेकवते, मग बोट.
ठिणगी किल्लीतून जाते. तेवढी सवय आहे.
ओट्यावर निळी ज्योत दोनदा फडफडली, विझली.
तोच सिलिंडर, नोव्हेंबरचा.
नंबर लावला.
परवा-तेरवा फोन येईल, आकडे विचारायला.