पाइक

वॉसॉजवळच्या ओढ्यातून केतकीने आणला
रंगाच्या रिकाम्या बादलीत
वीतभर मासा. इथे त्याला पाइक म्हणतात.
पाईक कसला, चाकरी कुणाचीच नाही.
आठवड्यात चारही गप्पी गिळून
पुन्हा काडीसारखा निश्चल.

शेजारचे वेंडेल म्हणाले,
"हा पाळायचा नसतो, गळाला लावायचा असतो."

मी कणीक मळते तेव्हा
तो माझ्या हातांकडे बघतो.
मागतो की मोजतो, कळत नाही.

आता वळायचं तर
आधी शेपूट काचेला लागतं.
परत सोडायला बंदी: घरच्या पाण्यातला मासा
नदीला चालत नाही.
वेंडेल सुरी घेऊन यायला तयार आहेत,
मायेनेच.

केतकी बोलत नाही.
रविवारी टाकीतलं निम्मं पाणी काढते,
अंगणाच्या कडेला ओतते.
ते तरी उताराने
ओढ्याकडे जातं.