पाच प्रश्नचिन्हं

परभणीच्या मोंढ्यात, वजनकाट्यामागच्या खोलीत,
जिथं आधी सुतळीचे गठ्ठे असायचे,
तिथं आमचा सर्व्हर आहे.
भिंतींना अजून बारदानाचा वास.
मे महिना, रात्रीचे दोन,
पंखा गरम हवाच ढवळतोय
आणि मी लॉग वाचतेय, खालून वर,
डॉक्टर आधी पाय दाबून बघतात तसा.

अॅप्लिकेशनचं नाव तोलाई.
देवनागरीत. हट्ट माझाच.
कुलथे म्हणाला होता, इंग्रजीत ठेव बाई, मिटला विषय.
कुलथे आता पुण्यात.
त्याच्या कोडमध्ये सदतीस ठिकाणी लिहिलंय: नंतर बघू.

लॉगमध्ये तोलाई नाही.
लॉगमध्ये पाच प्रश्नचिन्हं.
दिसायला अक्षरं तीन,
पण मशीन काना-मात्रा सुटी मोजतं.
पाचही ओळीनं उभी, वरून वाकलेली,
हमालांच्या पाठीसारखी.

नवी आवृत्ती चढवली की जुनी उतरवायची असते.
सर्व्हर जुनीला नावानं हाक मारतो.
हाकच मोडकी, तर ती उठणार कशी?
बसून राहते मेमरीत पाय पसरून.
हीपचा डंप काढून पाहिला:
सात तोलाया जिवंत.
पहिलीच्या खिशात अजून
गेल्या सोमवारचा हळदीचा भाव.
कचरा उचलणारा फिरून फिरून दमला,
उचलावं असं त्याला काही सापडेना,
प्रत्येकीचा पदर कुणीतरी धरून ठेवलेला.
पाचव्या-सहाव्या दिवशी काटा ठप्प.

रज्जाकभाई दारातून: "उठ्या क्या नै मॅडम?"
उठवते, म्हटलं.
उठवणं सोपंय.
रीस्टार्ट केलं की सगळं विसरतं,
चार दिवस गुणी लेकरासारखं वागतं.
वर्षभर आम्ही तेच केलं.

त्या रात्रीही तेच केलं, पण घरी गेले नाही.
सर्व्हरचा कोड उघडा असतो. उघडला.
एवढं मोठं घर,
कुठल्या कुठल्या मुलखातल्या माणसांनी बांधलेलं,
आणि दाराला कडी नाही.
चार रात्री लागल्या.
फाइलीचं नाव वाचताना एके ठिकाणी
अक्षरं कुठल्या साच्यातली, हेच सांगायचं राहिलं होतं.
तीन ओळी.
पाठवल्या. खाली नाव: विशाखा खंदारे, परभणी.

मग पोटात गोळा.
आज्याच्या गावात पाणी मागितलं तर
आधी आडनाव विचारायचे,
मग वरून ओतायचे, ओंजळीला भांडं न लागेल असं.
आणि मला ठाऊक आहे
खंदारे म्हटल्यावर समोरच्या आवाजात येणारा
तो अर्ध्या सेकंदाचा लॅग.

नवव्या दिवशी उत्तर आलं. कुणी पावेल.
त्यानं आडनावाचं काही विचारलं नाही.
विचारलं: टेस्ट कुठंय?

आधी राग आला.
मग हसू.
मग टेस्ट लिहिली.
आता त्यांच्याकडच्या कुठल्याशा मशीनवर रोज रात्री
एक खोटी तोलाई चढते, उतरते,
एक किलोही न तोलता.

नवा सर्व्हर जूनमध्ये आला. बसवला.
लॉगमध्ये काना, मात्रा, सगळं जागेवर.
तोलाई उतरली. तोलाई चढली.
हाक मारल्यावर लगेच उठली, मला तर
तिचा थोडा रागच आला.

सकाळी हळदीचं पहिलं पोतं काट्यावर.
बावन्न किलो चारशे.
पावती निम्मी आली आणि थांबली.
मी धावले लॉगकडे, वरून खाली, खालून वर,
एकही ओळ चुकलेली नाही.
रज्जाकभाई प्रिंटरचं झाकण उघडून उभे:
"मॅडम, कागज खतम हुआ."