कन्हानची रेती

चोवीस डिसेंबर, मोहननगर. थंडी
स्वेटरच्या आत येऊन बसलेली.
प्रिस्किला, दीड महिन्याची वहिनी, विचारते,
ओव्हन आहे ना घरात?
आहे. त्यात लाइटबिलं असतात, आणि आईच्या गोळ्या.

आम्ही जर्मनचा गंज काढतो.
तळाशी दोन बोटं कन्हानची रेती.
बाबांनी सायकलवरून आणली होती पिशवीभर,
शहाऐंशी साली. तेव्हापासून तीच.
दर नाताळला चाळायची, तापवायची,
मग वर्षभर डालड्याच्या डब्यात.
आत्या म्हणते, आता परत नेऊन टाकली
तर नदी ओळखायचीसुद्धा नाही तिला.

तूप फेटायचं आशेरनं, पांढरं होईस्तोवर.
"हात दुखून राहिला ना."
"दुखू दे बाप्पा, अजून पिवळंच आहे."
झाकणावर निखारे. खोलीभर विलायची
आणि थोडा धूर, आईच्या खोकल्यापुरता.

पहिला घाणा खालून करपतोच.
त्या नानखटाया बाबांच्या.
सुरीनं बूड खरवडायचे, चहात बुडवायचे,
"ह्याच खऱ्या," म्हणायचे.
आम्हाला वाटायचं, आवडतात त्यांना.

यंदा सहा करपल्या.
आईनं ताटलीत वेगळ्या काढून ठेवल्या,
कुठे ठेवू ते न कळून फ्रिजवर.
तेवढ्यात कॅरलवाली पोट्टी आली दारात,
गिटारची एक तार तुटलेली, आवाज बसलेले.
त्यांना चांगल्या दिल्या, चारोळी लावलेल्या.

परत आत आले
तर ओट्याशी प्रिस्किला,
पदरावर काळा चुरा,
बूड खरवडत उभी.
चहा ठेवलाय, म्हणाली.