प्रत क्रमांक तीन

नोंदवहीत रकाने आहेत: कर्ता, पृष्ठसंख्या, उंची.
कर्ता लिहिता आला. विर्वे, हीउमा बेट.
उंची सतरा सेंटिमीटर, कोरड्या दिवशी.
सप्टेंबरात समुद्राकडून धुकं आलं
की हे पुस्तक अर्ध्या मिलिमीटरने फुगतं.
कागद श्वास घेतो वगैरे मी म्हणत नाही,
मी फक्त मोजतो.

पृष्ठसंख्येपाशी पेन अडलं.
बाहेरून बावीस. आतून किती, कुणास ठाऊक.
प्रत्येक पान दुमडलेलं, दुमड बाहेरच्या कडेला,
न कापलेली.
नव्या कापडासारखं पुस्तक,
घडी मोडायची राहिलेली.

कागद तिचा तिनेच गाळला:
नवऱ्याची जुनी जाळी, जवसाच्या धाग्याची,
तीन दिवस उकळून, ठेचून, पुन्हा उकळून.
शेजारीण म्हणायची, विर्वेने पेज टाकलीय चुलीवर,
जेवायला कोण आहे देव जाणे.
शिवण मेणदोऱ्याची. पुठ्ठ्याच्या जागी होडीची फळी,
तिच्यावरचे निळे पोपडे तसेच.
शाई कुठेच नाही.

पाच प्रती केल्या. प्रत्येकीसोबत एक सुरी,
जुनिपरच्या मुठीची.
"वाचायचं तर कापा," एवढंच बोलली,
आणि त्याच हिवाळ्यात गेली.

पहिली प्रत टाल्लिनच्या एका दंतवैद्याने घेतली.
जेवणं आटोपल्यावर, पाहुण्यांदेखत,
पांढऱ्या टेबलक्लॉथवर कापली.
आत काही नाही, म्हणाला.
पैसे परत मागायला कुणी उरलं नव्हतं.
दुसरी स्वीडनला गेली.
चौथी तिच्या मुलीकडे. तिने सुरी घडीला टेकवली
आणि परत ठेवून दिली, म्हणे.
पाचवीचं मला माहीत नाही.

तिसरी आमच्या वाचनालयात,
आणि आमचा नियम सात:
वाचनकक्षात पातं आणू नये.
म्हणून सुरी कपाटात, पुस्तक पेटीत,
किल्ली ऐनारच्या खिशात.
अकरा वर्षं असं वाचन चाललं होतं.

मार्चमध्ये शाळेची मुलं आली. तिसरीचा वर्ग, ओले बूट.
मी हातमोजे वाटले, भाषण सुरू केलं,
दुर्मीळ, हस्तनिर्मित, जपून.
हेल्मी नावाच्या मुलीला भाषण लांब वाटलं असावं.
मोजे तिला कोपरापर्यंत येत होते.
तिने पुस्तक उचललं, खिडकीसमोर उभं धरलं,
आणि खालच्या बाजूने, जिथे घडीला तोंड असतं,
डोळा लावला,
उंदराच्या बिळाला लावावा तसा.

मी ओरडणारच होतो.
"जाळं आहे," ती म्हणाली.
मग पुढच्या घडीत डोळा.
"इथे फाटलंय."
पुढच्या.
"इथे कुणीतरी एक गाठ मारलीय. अजून पुष्कळ राहिल्यात."

मुलं रांगेत उभी राहिली. शेवटी मीही,
गुडघे टेकून, चष्मा कपाळावर.

तिने चाळणीवर तार वळवून बसवली होती,
एकेक फास, एकेक गाठ.
तारेवर लगदा पातळ बसतो
आणि तेवढ्या जागेतून उजेड आत येतो.
टेबलावर आडवं पसरलं तर कागद नुसता पांढरा.
उकळून मऊ केलेलं जाळं
तिने पुन्हा विणलं होतं, बिनधाग्याचं.
अकराव्या घडीतही एक भोक तसंच आहे,
मुठीएवढं. बुजवायला वेळ मिळाला नसेल,
किंवा तिथून काही सुटायला हवं असेल.

संध्याकाळी नोंदवही उघडली.
वाचायची रीत, असा रकाना नाही.
समासात लिहिलं: खिडकी हवी, सकाळी दहा ते साडेअकरा.
उंचीच्या रकान्यात हेल्मीची उंची लिहावीशी वाटली.
लिहिली नाही, ऐनार तपासतो.

निघताना कपाटातली सुरी काढली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अंगठा फिरवून पाहिला.
तिला धारच लावलेली नाही.
दंतवैद्याने
स्वतःची वापरली असणार.