पुऱ्या पलीकडे

माझ्या दुकानात यंदा सात सायकली टांगल्यात.
पंक्चरच्या नाहीत. विकायच्या.
सातही मुलींच्या,
पुढे जाळीची टोपली,
एकीच्या हँडलला अजून राखीचा गोंडा.
बाप येतो, स्टँडवर लावतो, म्हणतो,
"जे येईल ते दे, याकूबभाई.
चौफुली ओलांडायला लावायची नाही आता तिला."
मग तिच्या कॉलेजचं काय, मी विचारत नाही.
टायरमधली हवा तेवढी कमी करतो.
भुसावळच्या उन्हात
भरलेला टायर उभ्या उभ्या फुटतो.

वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा
लोकोशेडचा भोंगा व्हायचा
आणि सगळा रस्ता सायकलींचा व्हायचा.
डबे, घंट्या, ऑइलचा वास.
ट्रकवाला कडेला घेऊन बिडी पेटवायचा,
त्याला घाई नव्हती,
किंवा वाटच नव्हती.
आता केळीचा ट्रक थांबत नाही.
केळी पिकते ना.

अर्ज आम्ही सहा केले.
पाचपांडे बाईंनी लिहिले, फळ्यावर लिहावं तसे.
विषय: पायी व सायकलने रस्ता ओलांडणेबाबत.
घड्याळ लावून मोजलं होतं त्यांनी:
गुडघे धरलेल्या बाईला पलीकडे जायला अडतीस सेकंद.
सिग्नल देतो चौदा.
उरलेले चोवीस कुणाच्या खात्यातून वळते करावेत,
असं पाचव्या अर्जात विचारलं.
उत्तर आलं:
आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे.
पुढे म्हणजे कुठे?
पलीकडेच पाठवला असेल.
अजून मधेच उभा असेल, दुभाजकावर.

मग पौषात
डिगंबर फालकाने बामणोदची वांगी आणली, पोतंभर.
चौफुलीच्या अलीकडे, रिकाम्या प्लॉटवर
पऱ्हाट्या पेटवल्या.
मिरचीचा ठसका कचेरीपर्यंत गेला असावा.
साहेब आले. जीपमधून, थेट चुलीपर्यंत.
"या ना भो साहेब," डिगंबर म्हणाला,
"भरीत इकळे हाये, पुऱ्या तिकळे."

तिकळे म्हणजे रस्त्यापलीकडे,
जिथे त्याची बायको कढई मांडून बसली होती.
साहेब हसले. ड्रायव्हरकडे बघितलं.
"जीप नका काढू. वळण दोन किलोमीटरवर आहे,
पुऱ्या गार होतील,"
बाई म्हणाल्या,
उशिरा आलेल्या मुलाला म्हणावं तशा.

मग मी एक माणूस पाहिला, हातात द्रोण,
एक पाय पुढे, तोच पाय मागे,
टँकर गेला की भरितावर धूळ.
चार मिनिटं तो दुभाजकावर होता.
शेजारी मेथीची पाटी घेतलेली एक म्हातारी.
ती म्हणाली,
"हात धर माहा. मी म्हनलं का पय."
त्याने धरला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
पुऱ्या गार झाल्याच होत्या,
त्याने चार खाल्ल्या, न बोलता.

फाल्गुनात दोन गतिरोधक आले,
एक कंबर मोडणारा, एक नावापुरता.
पांढरे पट्टे ओढले, तेही मेमध्ये डांबरात बुडाले,
चपला रुतत होत्या त्यात.
चुना कालवून आम्ही पुन्हा ओढले, रात्री, दोरी धरून.
जरा वाकडे आलेत. दोरी माझ्या हातात होती.
सिग्नल बावीसचा झाला.
बाई म्हणतात, सोळा बाकी.

परवा एक मुलगी आली.
"माझी लाल होती. गेली का?"
म्हटलं, बापाला विचारून ये.
"बाहेर उभे आहेत."
होता. रस्त्याकडे पाठ करून,
बंद फोन कानाला लावून.
मी खाली उतरवली. हवा भरली.
मागचा टायर तडकलेलाच निघाला.
"नवा टाक," तो म्हणाला, फोनमध्ये बोलल्यासारखं.

सहा उरल्यात.
काल नशिराबादचा एक जण
तिघींचा भाव विचारून गेला.
मी जास्त सांगितला.