कागदावरचा ओढा

सर्व्हेयर बेवन यांनी भिंतीला आधी कान लावला,
मग यंत्र, मग पुन्हा कान.
"ओल आहे," म्हणाले, "पण मुरलेली.
हुसकायला जाऊ नका. वारा द्या."
अहवालात मात्र एवढंच लिहिलं:
तळमजला, पश्चिम भिंत, लक्ष द्यावे.

जुन्या नकाशावर ओढा म्हणजे शीव.
अलीकडे वेल्स, पलीकडे इंग्लंड.
ओढ्याला तो नकाशा कुणी दाखवला नव्हता.
कुठल्याशा पुरात त्यानं कूस बदलली
आणि सफरचंदाचं एक झाड, कोंबड्यांचं अर्धं खुराडं
देश न बदलता पलीकडच्या काठाला गेलं.
वकीलबाई सहा आठवडे यावर पत्रं लिहीत होत्या,
दर पत्रामागे माझे पैसे.
झाडाला त्या वर्षी नेहमीइतकीच फळं आली,
नेहमीइतकीच किडकी.

मी वुल्व्हरहॅम्प्टनची. एकतीस वर्षं बस चालवली.
डेरेकच्या विम्याचे पैसे आले तेव्हा
मला एकच गोष्ट हवी होती:
रात्री खराखुरा अंधार.
तो इथे मिळाला.
सोबत सेप्टिक टँक, तेलाची टाकी,
मंगळवारची एकुलती एक बस
(या रस्त्यावर मी नसती घातली),
आणि मेंढ्या, ज्या पहाटे
खिडकीखाली माणसासारख्या खोकतात.
पहिल्या रात्री मी अंधारात हाक मारली होती,
"डेरेक?"

घर ऑल्वेन प्रोबर्टचं. ती मार्चमध्ये गेली,
ऐन कोकरांच्या धांदलीत,
म्हणून निम्मं गाव चिखलाच्या बुटांनीच चॅपलमध्ये आलं.
हे पोस्टातल्या बाईंनी सांगितलं,
माझं पाकीट तोलता तोलता,
आणि त्याच सुरात,
"र्‍हॉड्रीनंही बोली लावली होती, बरं का.
ऑल्वेनच्या पुतण्याचा मुलगा.
अकरा हजारांनी राहिला."

अकरा हजार.
मी ते ओझं घेऊन चढ चढले.
दलालानं फोनवर म्हटलं होतं, अजून एक पार्टी आहे,
आणि मी म्हटलं होतं, मग वाढवा.
पार्टी.
ती समोरच्या आवारात कॅरव्हानमध्ये राहते:
र्‍हॉड्री, त्याची बायको, तान्ही मुलगी.
त्यांच्या खिडकीतून माझं धुराडं दिसतं,
माझ्या खिडकीतून त्यांचे लंगोट.
कुणी काही बोलत नाही.
इथे न बोलणं हाही शेजारधर्म.

ताब्याच्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला.
किल्ली सापडत नाही.
मग श्रूजबरीहून ऑल्वेनच्या मुलाचा निरोप:
बहुधा नव्हतीच कधी.
दार नुसतं लोटलेलं होतं.
माझ्या मालकीच्या दारावर
मी टकटक करून थांबले.

जानेवारीत टाकी तुंबली.
र्‍हॉड्री न बोलावता सळया घेऊन आला,
कोपरापर्यंत हात घातला.
"झाकण उलटं बसलंय. म्हातारीचा हट्ट.
दुसरं टोक मीच धरलं होतं, नऊ वर्षांचा असताना."
पैसे घेतले नाहीत.
चहा घेतला, उंबर्‍याबाहेर, उभ्यानं.
मी म्हटलं, आत ये ना.
त्यानं बुटांकडे पाहिलं.
ओढा ओलांडून आला होता, चिखल दोन्ही देशांचा.
"नंतर कधीतरी," म्हणाला,
आणि नजर माझ्या खांद्यावरून आत,
जिन्याच्या तिसर्‍या पायरीवर गेली,
जी करकरते. त्याला माहीत असणारच.

मी हिअरफर्डहून कुलूप आणलं होतं,
पितळी, दोन किल्ल्यांचं.
महिना झाला, टेबलावर पडून आहे, पावतीसकट.
परत करायची मुदत गेली.

रात्री पोर रडते ते ओढ्यावरून ऐकू येतं,
कागदावरच्या नव्हे, खर्‍या,
जो दोन्ही भाषांत पुटपुटतो
किंवा कुठल्याच नाही.
पश्चिमेची खिडकी मी उघडी ठेवते.
भिंतीसाठी.
थंडी आत येते, आणि ते रडणंही,
आणि मग कुणीतरी दिवा लावतं,
आणि माझ्या अंधारात
पिवळा चौकोन पडतो.