पीप

उणे एकतीस, रेडिओ म्हणाला.
लाइदा तेव्हा विहिरीवर होती.
एकोणीस बादल्या झाल्या होत्या;
विसावी घ्यायला मी हात पुढे केला तर म्हणाली,
मास्तर, तुम्ही दार धरा.

तळघरात बटाटे, वाळूत पुरलेली गाजरं,
आणि मधोमध पीप, झाकण नसलेलं,
काठोकाठ गार पाणी.
असल्या थंडीत पाण्यानं ऊब द्यायची?
मी विचारलं नाही. उत्तर मला पाठ होतं.
अप्रकट उष्मा. व्होरूच्या शाळेत, नववीच्या वर्गात
सहा वर्षं फळ्यावर लिहिलेला, अधोरेखित,
आणि खाली आलेखातली ती सपाट रेघ
जिच्यापाशी आल्यावर पोरं जांभया देतात.

तरी रात्री झोप येईना.
घरमालकिणीचा अख्खा हिवाळा खाली पडलेला,
आणि राखणीला एक पीप.

दोन वाजता कंदील घेऊन उतरलो.
तापमापी: शून्य.
चार वाजता: शून्य.
बिघडली असेल म्हणून टिचकी मारली. शून्य.
पिपाच्या कडेनं मात्र बर्फ आत सरकत होता,
मधूनच बारीक करकर,
कुणीतरी झोपेत दात खावेत तशी.
पाणी घट्ट होत होतं
आणि होता होता जवळचं सोडून देत होतं,
ग्रॅममागे ऐंशी कॅलरी,
पाऱ्यालासुद्धा पत्ता न लागू देता.

बटाटा शून्याला गोठत नाही.
त्याच्या रसात साखर असते, तो जरासा खाली गोठतो.
त्या जराशा फटीत
पीप रात्रभर पाय रोवून उभं.

सकाळी वहीत हिशेब मांडला:
अर्धं पाणी गोठलं, म्हणजे
हजार वॉटचा हीटर, नऊ तास.
लाइदाला दाखवला. चष्मा न लावताच तिनं मान डोलावली,
एक बटाटा मधोमध कापून माझ्यासमोर धरला.
पांढरा. कुठे काळा ठिपका नाही.
हे फुकट नाही हं, म्हणाली, एप्रिलमध्ये बघा.

एप्रिलमध्ये बघितलं.
बाहेर बर्चच्या खोडातून रस ठिबकत होता, मी कोट काढलेला,
आणि खाली तळघर अजून कुडकुडत होतं.
पिपातला बर्फ वितळताना
दिलेलं परत घेत होता, पै न् पै, सावकाश.
एकाही बटाट्याला कोंब नव्हता.

यंदा नववीला आलेख काढला
तेव्हा ती सपाट रेघ ओढत ओढत
फळ्याच्या टोकापर्यंत नेली.
मागच्या बाकावरून हेल्मी म्हणाली, सर, फळा संपला.
मी थोडी भिंतीवरही काढली.